न उघडणारं खातं

हणमंतप्पांच्या घरात चोर शिरला असता तर एक वेळ त्यांनी समजून घेतलं असतं. त्यालाही पोट आहे, म्हणाले असते. इन्कमटॅक्सवाल्यांना पोट असतं हे मात्र त्यांना मान्य नव्हतं. जळकोटला हायवेच्या कडेला त्यांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान. त्या दुकानानं सरकारला आजवर जेवढं कमी देता येईल तेवढंच दिलं होतं, आणि तेवढ्यातही आपण नागवले गेलो असं अप्पांना वाटायचं. अशा माणसाच्या थोरल्या सुनेच्या पगारातून टॅक्स परस्पर कापला जायचा. मागायला कुणी येत नाही, त्यामुळं घासाघीस नाही, उद्या ये म्हणायची सोय नाही. फेब्रुवारीत तर वर्षाची उरलीसुरली वसुली एकदम व्हायची आणि पगार नावापुरता हातात पडायचा. लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. फेब्रुवारीचं तेवढं अप्पा पाळायचे.

थोरली सून म्हणजे उमादेवी. तुळजापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवायची. जमा कुठं लिहायची आणि नावे कुठं टाकायचं हे तिनं तालुक्यातल्या निम्म्या दुकानदारांच्या पोरांना शिकवलं होतं. घरी मात्र तिच्या जमेवर बाकीचे सगळे हवं ते नावे टाकत होते.

त्याला कारण या घराची एक रीत. लक्ष्मीपूजनाला दुकानाच्या वहीशेजारी घरातल्या सगळ्यांची बँकेची पासबुकं मांडायची. नुसती मांडायची नाहीत. आदल्या आठवड्यात उमादेवीच्या नवऱ्यानं, महांतेशनं, बँकेत जाऊन सगळ्या नोंदी छापून आणायच्या, आणि पूजेच्या वेळी अप्पांनी एकेक पासबुक उघडून शेवटच्या आकड्यावर विभूतीची तीन बोटं ओढायची. देवाला आकडा दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. देवाला दिसायचा की नाही ते देव जाणे, धाकट्या दिराला, शांतलिंगला, मात्र लख्ख दिसायचा. पाडव्याचं ओवाळून झालं की तबक खाली ठेवायच्या आत तो जवळ सरकायचा.

"वहिनी, ते तुमच्यापाशी पडूनच हायत न्हाय का?"

पडून. जणू उमादेवीनं वर्षभर शिकवून पैसे मिळवलेच नव्हते, येता-जाता रस्त्यात सांडले होते. एका वर्षी ते हार्वेस्टरला गेले. हार्वेस्टर दोन हंगाम चालला. पुढं पडलेले पैसे हार्वेस्टरच्या दुरुस्तीला जाऊ लागले. मग दुकानाचं गोडाऊन झालं, त्याचं कर्जही तिच्याच नावावर, कारण बँकेला पगाराची स्लिप आवडते आणि स्लिप घरात एकटीचीच. नाही म्हणायचं तर कुणाला? महांतेश भला माणूस. बायकोचं ऐकायचा, भावाचं ऐकायचा, बापाचं ऐकायचा, आणि तिघांचं वेगवेगळं असलं की दुकानातल्या गोण्या मोजायला निघून जायचा.

अशात एका जानेवारीत स्टाफरूममध्ये इतिहासाच्या शिवगंगा मॅडम पावत्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. जानेवारीत स्टाफरूमचा असाच बाजार होतो. कुणी विम्याची पावती शोधतंय, कुणी घरभाड्याच्या पावतीवर मेव्हण्याची सही घेतंय. शिवगंगा म्हणाल्या, "उमा, दीड लाखाची सूट तर सगळेच घेतात. आपल्या पेन्शनच्या खात्यात वरचे पन्नास हजार आपण होऊन भर. त्याची सूट वेगळी. तू तीस टक्क्यांच्या स्लॅबात गेलीस ना? मग पंधरा हजार सहाशे वाचले बघ सरळ."

"आणि ते पन्नास हजार काढायचे कधी?"

"निवृत्त झाल्यावर. मध्ये नाही निघत."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

लग्नानंतर इतकं गोड उमादेवीशी कुणी बोललं नव्हतं.

घरी येऊन तिनं अप्पांपुढं विषय काढला. काढताना पंधरा हजार सहाशे आधी सांगितले, बाकीचं मागून. अप्पांनी चष्मा लावला. आकडा ऐकायलाही त्यांना चष्मा लागायचा.

"म्हंजे सरकारचे सोळा हजार सरकारला द्यायचेच न्हाय?"

"नाही द्यायचे."

"कायद्यानं?"

"कायद्यानंच."

"आन् मूळ रक्कम?"

"ती माझीच राहते अप्पा. पण निवृत्तीपर्यंत अडकते. महादेव खाली उतरून आला तरी निघत नाही."

शांतलिंग भाकरी मोडत होता, तो मोडायचा थांबला. "म्हंजे पडूनच राहणार की!"

"पडून राहू दे," अप्पा म्हणाले. "सरकारच्या घशात जाण्यापरीस बरं."

त्या दिवसापासून उमादेवीला घरात मान आला. सासरे पाहुण्यारावळ्यांत सांगू लागले, आमची सून सरकारला सोळा हजाराला गुंडाळती. पहिल्या वर्षी तिनं पन्नास हजार भरले. दुसऱ्या वर्षी लाख, पुढं दोन-दोन लाख. सूट मिळायची ती पहिल्या पन्नास हजारांवरच. वरच्या दीड लाखावर छदामही वाचत नव्हता. पण घरी सगळं टॅक्सच्या खाती जमा व्हायचं. अप्पांना टॅक्सचा तिटकारा होता, अभ्यास नव्हता. दिवाळीच्या आधी तिचं बँकेचं पासबुक आता कसं सडसडीत असायचं, आणि पेन्शनच्या खात्याला तर पासबुकच नाही, नुसतं एक प्लॅस्टिकचं कार्ड. पूजेत अप्पा ते कार्ड उलटंपालटं करून बघायचे आणि आकडा कुठं सापडत नाही म्हणून मधोमध विभूती लावायचे.

मग सरकारनं टॅक्सची नवी पद्धत काढली. त्यात सूट-बीट काही नाही, पेन्शनमध्ये आपण होऊन भरा नाहीतर नका भरू, दर मात्र हलके. वर्षाला चौदा लाखांच्या आसपास पगार घेणाऱ्या पुस्तपालनाच्या बाईनं दोन्ही पद्धतींचा हिशेब फळ्यावर मांडावा तसा मांडला. नव्या पद्धतीत गेली तर वर्षाला पन्नास हजारांवर टॅक्स कमी बसत होता. कागद तिनं नीट घडी केला, फाडला, आणि ऑफिसात जाऊन जुनी पद्धत लिहून दिली. नव्या पद्धतीत खात्यात भरायला निमित्त कुठून आणणार? टॅक्स वाचवायच्या नावाखाली ती आता वर्षाला पन्नास हजार टॅक्स जास्त भरत होती. तिच्या दृष्टीनं ते कुलपाचं भाडं होतं, आणि कुलूप मजबूत होतं.

किती मजबूत, ते तीन वर्षांमागं कळलं. अप्पांच्या छातीत कळ आली. सोलापूरच्या दवाखान्यात बायपास सांगितली. जिन्यापाशी शांतलिंग म्हणाला, "वहिनीचं ते पेन्शनचं काढा की आता. आता न्हाय तर कवा?"

"ते निघत नाही," उमादेवी म्हणाली. विचार करून म्हणाली असं नाही. हे वाक्य तिच्या तोंडात इतकं मुरलं होतं की शांतलिंगनं तोंड उघडलं की ते आपोआप बाहेर यायचं. कुणाला विचारून बघावं, नियम काढून वाचावा, हे तिच्या मनात आलंच नाही. किंवा आलं असेल तर तिनं त्याला बसायला सांगितलं नाही.

महांतेशच्या वाटणीचा एक प्लॉट होता, दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं. लग्नानंतर चौथ्या-पाचव्या वर्षी तिथं उभा राहून तो बायकोला म्हणाला होता, "हितं आपलं आपण वेगळं बांधू. दोनच खोल्या." साऱ्या संसारात त्यानं केलेलं तेवढं एकच बंड. तो प्लॉट आठ दिवसांत पडेल भावानं विकला. अप्पांची छाती शिवून घरी आली. सुनेला कुणी एका शब्दानं बोललं नाही. खातंच उघडत नाही, तर ती बिचारी काय करणार?

आणि या जानेवारीत शिवगंगा मॅडमची संस्थेच्या सोलापूरच्या शाखेत बदली झाली.

त्यांचं तुळजापुरात नळदुर्ग रस्त्याला तळमजल्यावर घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं डोंगराचा उतार आणि एक पेरूचं झाड. पंचवीस लाख सांगत होत्या. "दलालाला देण्याआधी तुला विचारते उमा. फेब्रुवारी संपायच्या आत सहा लाख इसार दे, उरलेल्याला तुला बँक दारात उभी करील."

उमादेवी त्या दिवशी घर बघायला म्हणून गेली आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. कुणी हाक मारत नव्हतं. जळकोटहून नळदुर्ग, नळदुर्गाहून तुळजापूर, पहाटेची भाकरी, थांब्यावर हात दाखवून न थांबणारी एसटी, मग जीपमध्ये चौघांच्या जागेत सातवी होऊन बसणं. हे सगळं तिला पहिल्यांदाच अंगातून उतरल्यासारखं वाटलं. मुलगी गायत्री लातूरला होस्टेलवर नीटची तयारी करत होती. सुटीला ती इथं आली असती. महांतेशला दुकान सोडवत नाही, पण शनिवार-रविवार तोही आला असता, आणि इथं मोजायला गोण्या नव्हत्या.

"माझ्या हाताशी दीड लाख असतील नसतील," ती शिवगंगांना म्हणाली. "सगळं त्या खात्यात आहे."

"मग काढ की त्यातून."

"निघतात कुठं?"

"अगं निघतात! तेव्हा मलाही कुठं ठाऊक होतं? मागच्या वर्षी मुलीच्या लग्नाला मी काढले. आपण स्वतः भरलेल्या रकमेचे पंचवीस टक्के देतात. घराला, शिक्षणाला, लग्नाला, मोठ्या आजारपणाला."

उमादेवीला पहिली तीन नीट ऐकूच आली नाहीत. "आजारपण कुणाचं?"

"आपलं. नवऱ्याचं, पोरांचं. आईवडील आपल्यावर अवलंबून असले तर त्यांचं."

संध्याकाळच्या एसटीत तिनं मोबाइलवर नियम काढला आणि नळदुर्ग येईपर्यंत तीनदा वाचला. यादीत आई होती, वडील होते. सासू-सासरे नव्हते. म्हणजे बायपासला विचारलं असतं तरी बहुधा मिळाले नसते. तिच्या छातीवरचा दगड उतरला. जळकोटचा फाटा दिसायला लागला तसा तो पुन्हा येऊन बसला, कारण हे घरात सांगायचं कसं? अप्पा, तुम्ही नियमात बसत नाही?

हिशेब मात्र बसत होता. इतक्या वर्षांचं तिचं आपण होऊन भरलेलं आणि पगारातून कापलेलं मिळून पाव हिस्सा पावणेसात लाखांवर जात होता. इसार भागत होता. अडचण एकच, अर्ज कॉलेजच्या ऑफिसातून पुढं जायचा, आणि ऑफिसात हेडक्लार्क होते रामहरी. माणूस वाईट नव्हता. कुणाचं वाईट त्यांनी कधी कुणाला सांगितलं नसेल. चांगलं मात्र त्यांच्या पोटात राहायचं नाही. वर त्यांचं शेत जळकोटच्या शिवारात, आणि शेतीची औषधं अप्पांच्या दुकानातून.

"घरी सध्या बोलू नका," अर्ज देताना उमादेवी म्हणाली. "एकदम सांगणार आहे."

"छे छे, मॅडम! आपण कशाला बोलतोय?" रामहरींनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की उमादेवीला तिथंच अर्ज परत ओढून घ्यावासा वाटला.

पुढच्या आठवड्यात ती संध्याकाळी एसटीतून उतरली तेव्हा तिला माणसं दिसायच्या आधी मोटारसायकल दिसली. दुकानासमोर, तिरक्या स्टँडवर, हँडलला कॉलेजच्या नावाची पिशवी. रामहरी औषधाची बाटली पिशवीत घालत निघतच होते.

"आलात का मॅडम! अप्पांना म्हटलं, पेढे आधी तुमच्याकडून. राहवलं न्हाय बघा. घर म्हंजे काय लहान गोष्ट हाय व्हय?" त्यांनी किक मारली आणि आपण केवढं पुण्य केलं अशा चेहऱ्यानं निघून गेले.

दुकानात अप्पा गादीवर होते. महांतेश काट्यापाशी कुणाचं तरी उन्हाळी भुईमुगाचं बी मोजत होता. शांतलिंग युरियाच्या थप्पीवर बसून पाय हलवत होता.

"बस," अप्पा म्हणाले.

दुकानात सुनेनं बसायची पद्धत नव्हती. सरळ मागच्या दारानं घरात जायचं. उमादेवी गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर टेकली. खांद्यावरची पर्स काढायची तिला आठवण राहिली नाही.

"रामहरी म्हणतोय, तुझं ते खातं उघडतंय."

"थोडं, अप्पा. चार आण्याएवढं."

"महादेव आला तरी न्हाय, म्हणली होतीस."

"तेव्हा मला तेवढंच ठाऊक होतं."

शांतलिंगचे पाय हलायचे थांबले. "चार आणे म्हंजे किती म्हणायचं वहिनी? न्हाय, हार्वेस्टरचं इंजिन तेवढं एकदा खोललं ना..."

"साकु," अप्पा म्हणाले. पुरे, एवढाच त्याचा अर्थ. पण मराठीतलं पुरे अप्पा दिवसातून दहादा म्हणायचे, कानडीतलं वर्षातून एकदा.

"कशाकशाला उघडतंय?"

"घराला. पोरांच्या शिक्षणाला. लग्नाला."

"तीन झाली. रामहरी चार म्हणला."

चौथं रामहरींनी सांगितलंच असणार. तरी अप्पांना ते तिच्या तोंडून हवं होतं. आयुष्यभर गिऱ्हाइकाला त्याची उधारी त्यांनी अशीच त्याच्याच तोंडून वदवली होती.

"आजारपणाला," उमादेवी म्हणाली.

महांतेशनं हातातलं माप पोत्यात टाकलं. तो समोर रस्त्याच्या पलीकडं बघत होता. त्याच्या प्लॉटवर आता पंक्चरचं दुकान होतं, आणि तिथला पोरगा ट्रकच्या टायरवर हातोडा मारत होता.

"तवा बी निघत होते?" त्यानं विचारलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यानं एखाद्या वाणाचा भाव विचारावा तसं विचारलं.

मग उमादेवीनं ते सांगितलं. न सांगून चालणारच नव्हतं. "नसते निघाले. मी नियम वाचलाय. त्यात आईवडील आहेत. सासू-सासरे नाहीत."



"म्हंजे तुझ्या बापाला निघाले असते," अप्पा म्हणाले.

"हो."

"माझ्या छातीला न्हाय."

अप्पांनी गादीवर मांडी बदलली.

"तवा कुणाला विचारलं होतंस का? निघतात का म्हणून?"

"नाही."

"का न्हाय?"

याचं उत्तर समोर युरियाच्या थप्पीवर बसलं होतं. पंधरा वर्षांचं उत्तर, हार्वेस्टरसकट. पण ते दिलं असतं तर खातं टॅक्ससाठी नव्हतंच हे आलं असतं, आणि त्याच्या मागोमाग पन्नास हजारांचं भाडं आलं असतं. टॅक्स जास्त भरला, तोही कुलपासाठी, हे ऐकून अप्पांची शिवलेली छाती टिकली असती की नाही कोण जाणे.

"सुचलं नाही," ती म्हणाली.

"बरं."

व्यापारी बरं म्हणाला की गिऱ्हाइकानं समजून घ्यावं. आता भाव सांगणार. अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"नियम सरकारचा. सरकारचं म्या कवा ऐकलंय? तू तुझं सांग. तुझ्या लेखी म्या बाप हाय का न्हाय?"

"असं काय विचारता अप्पा!"

"व्हय म्हण, न्हायतर न्हाय म्हण. मधलं नगं."

उमादेवीनं महांतेशकडं बघितलं. तो अजून टायरवर पडणारा हातोडा बघत होता. तिला वाटलं, हा प्रश्न म्हणजे नळदुर्गाच्या थांब्यावरची ती जीप आहे; चढलं तरी गुदमरायचं, न चढलं तरी अंधारात उभं राहायचं. न्हाय म्हटलं तर या घरात पुन्हा भाकरी कुणाबरोबर खायची? घराचा नादच सोडला, तरी खातं उघडतं हे आता शांतलिंगला कळलंय. सरकार तीन वेळा पैसे काढू देतं, आणि त्याच्याकडं तीन नाही, तीस कारणं आहेत.

"आहात," ती म्हणाली.

"मग झालं. बापाला घिऊन चल. दोन खोल्या हायत म्हणं. जिना न्हाय म्हणं. रामहरीनं सगळं सांगितलंय." अप्पांनी चष्मा पुन्हा लावला. "ह्या हायवेच्या धुळीनं माझी छाती भरती. डॉक्टर लई दिवस बोंबलतोय, हवा बदला. एक खोली मला बास. घर तुमच्या दोघांच्या नावावर करा, मला नाव नगं. महांतेश दुकान बघंल, शनवारी येत जाईल. काय रं?"

सगळ्या संसारात महांतेशनं दुसऱ्यांदा तोंड उघडावं अशी ही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. दुकान शांतलिंग बघेल, किंवा अप्पा तुम्हाला तिकडं करमायचं नाही, काहीही.

"तुळजापूरची हवा चांगली हाय," महांतेश म्हणाला, आणि पोत्यातलं माप शोधायला वाकला.

पैसे पंचवीस दिवसांनी खात्यात आले. रामहरींनी अर्जामागं स्वतः धावपळ केली होती. पेढ्यांच्या बाबतीत ते आळशी नव्हते. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार इसाराला धरला. महांतेशला दुकानातून निघता आलं नाही. अप्पा मात्र सकाळी अंघोळ, लिंगपूजा उरकून, धुतलेलं धोतर नेसून थांब्यावर तिच्या आधी उभे होते. एसटी पहिल्या हाताला थांबली.

शिवगंगा मॅडमनी दोघांना घर दाखवलं. उमादेवीला ते पाठच होतं. तिनं रात्रीच्या रात्री त्यात पलंग हलवले होते. अप्पा नळ सोडून बघत होते, खिडक्यांचे कडी-कोयंडे ओढून बघत होते, भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवत होते. मागच्या खोलीत ते जास्त वेळ थांबले. तिथून डोंगर दिसायचा.

"ही बरी हाय," ते म्हणाले. "पुढं रस्त्याचा आवाज यील. तुला तपासायचे पेपर असतेत, तुला चालंल आवाज. मला झोप लागत न्हाय."

शिवगंगांनी उमादेवीकडं बघितलं. "तू तर एकटीच येणार..."

"अप्पा माझ्याबरोबर राहणार आहेत," उमादेवी म्हणाली. घाईनं म्हणाली, त्यांनी सांगण्याआधी.

"वा! मग सोबत झाली की," शिवगंगा म्हणाल्या.

पावती झाली. सहा लाखांचा आकडा अप्पांनी दोनदा वाचला, अक्षरी रक्कम बोट ठेवून तपासली आणि कागद उमादेवीकडं सरकवला. तिनं सही केली. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि ओट्याची उंची, गॅसची जागा, देवाला कुठला कोपरा, हे बघू लागले. उमादेवी आत ओट्यापाशी होती. दारात माणूस उभा असला की त्या स्वयंपाकघरातून बाहेर पडता येत नव्हतं. हे मागच्या खेपेला तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"कॉलेजला कितीला जातीस तू?"

"दहाला निघेन अप्पा. जवळच आहे आता."

"मग साडेनवाला मला भाकरी देत जा. गरम. आन् दुपारी सुटी होती न्हवं तुमची? तवा येऊन चहा टाकला की झालं." अप्पांनी सगळं घर एकदा डोळ्यांखालून घातलं आणि समाधानानं मान हलवली. "माझी काळजी करू नगंस. म्या जमवून घेईन."